जावई काढू नका

४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

पाया पडते. तब्येत कशी आहे असं विचारत नाही. वहिनीच्या पत्रात होतं की तू जिन्याखालच्या सगळ्या सायकली खोलून ठेवल्यास आणि शेजारी पायी कामाला गेले. म्हणजे तू ठणठणीत आहेस.

बातमी अशी की आम्ही ट्रक घेतला. जुना. आजवर परांचीचे पाईप आणि फळ्या भाड्याच्या गाडीतून न्यायचो, आणि तो ड्रायव्हर मनात येईल तेव्हा उगवायचा. तोवर गवंडी हातावर हात ठेवून बसायचे आणि रंगारी आमच्या नावाने बोटं मोडायचे. आता आपली गाडी, आपला ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे माझा नवरा. हल्ली तो माझ्यापेक्षा गाडीची विचारपूस जास्त करतो, पण ते असू दे.

गाडी लिलावात मिळाली. आधी कोणाकडे होती ते लिलाववाल्यालाही ठाऊक नाही. वरून सगळी राखाडी रंगवलेली आहे. इंजिन दिसायला चांगलं आहे, पण त्याच्या अंगावर अशा दोन वस्तू आहेत की इथल्या मिस्त्रीने बघून नुसतं डोकं खाजवलं. तो म्हणाला, मी असलं काही पाहिलेलं नाही, उगाच थाप मारणार नाही. म्हणून तुला लिहितेय. वाण्याच्या दुकानातून फोन करावा तर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून सांगितलं तर तुझ्याआधी आख्ख्या गल्लीला इंजिन पाठ होईल. फोटो काढून पाहिला, तर सगळं काळंकुट्ट आलं. तेव्हा मी लिहिते, तू वाच. लहानपणी तू गाडीखाली झोपून विचारायचास आणि मी वरून बघून सांगायचे, तसंच समज.

पहिली वस्तू गिअरबॉक्सच्या कुशीला आहे. नारळाएवढा लोखंडी गोळा, त्याच्या तोंडावर झाकण, झाकणाला बोल्ट. फिरत नाही, गळत नाही, काहीच करत नाही.

दुसरी वस्तू घशावर आहे. घसा म्हणजे तुझाच शब्द, इंजिनात हवा जाते ती जाड नळी. तुझ्या गॅरेजात टर्बोला आत्याबाई म्हणायचे, कारण ती शिट्टी वाजवत येते आणि सगळ्यांच्या तोंडात कोंबते. तर आत्याबाईंकडून निघालेला घसा इंजिनाला मिळतो, बरोबर त्याच्या आधी एक चौकोनी डबा बसवलाय. जेवणाच्या डब्यापेक्षा थोडा मोठा. त्यावर एक दणकट स्प्रिंग, एक दांडा, आणि एक बारीक तार. तार केबिनच्या खाली कुठेतरी जाते, तिचा शेवट मला काही सापडला नाही.

मला तर तो सरळसरळ जावई वाटतो. आठवतं ना, कंपनीने न दिलेला, मागाहून कोणीतरी आणून बसवलेला, ज्याचा उपयोग कोणाला माहीत नाही आणि ज्याला हात लावायची कोणाची हिंमत नाही, अशा प्रत्येक भागाला तू जावई म्हणायचास. हा शब्द मी नवऱ्याला अजून सांगितलेला नाही. तो सरळ माणूस आहे, मनाला लावून घेतो.

आता खरं कारण. टेकडीवर दवाखान्याची इमारत चालली आहे आणि तिची परांची आमच्याकडे आहे. रस्ता उभा चढाचा. वरच्या वळणाला कठडा नाही, खाली सरळ दरी. भरलेली गाडी तिथे जाताना चढावरच बंद पडते. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. नवरा ब्रेक दाबून धरतो, कामगार उड्या मारून चाकामागे ओंडके लावतात. मग बॉनेट उघडलं की त्या डब्यावरचा दांडा आडवा पडलेला दिसतो. तो उभा केला की गाडी लगेच सुरू होते. नवरा हे हसत सांगतो. मला हसू येत नाही. तो निघाला की माझं लक्ष कशात लागत नाही, आणि संध्याकाळी दाराशी हॉर्न वाजला की मगच माझ्या घशाखाली घास उतरतो.

काय ठेवायचं, काय काढायचं ते सांग. मी पुढच्या आठवड्यात नणंदेकडे चाललेय, तिचे दिवस भरलेत. पत्र इथेच पाठव. नवऱ्याला सांगून ठेवलंय, मामाचं पत्र आलं की उघडायचं, मिस्त्रीला वाचून दाखवायचं आणि त्यात असेल तसं करून घ्यायचं.

तुझी,
ठमी

*

११ फेब्रुवारी

ठमे,

अनेक आशीर्वाद. सायकलींचं तुझ्या वहिनीने तिखटमीठ लावून लिहिलंय. एकच जोडायची उरली होती, तीही आता जोडून झाली. मुलाकडे तिसऱ्या मजल्यावर राहायचं म्हणजे हाताला काम नाही. सकाळी गॅलरीत बसतो, खालून गाड्या जातात, त्यांचा आवाज येत नाही, म्हणून धूर बघून कोणाला काय दुखतंय ते ओळखतो. सूनबाई म्हणते, लोकांच्या गाड्यांना नावं ठेवण्यापेक्षा भाजी निवडा. भाजीही निवडतो. तुझं पत्र आलं आणि मला पुन्हा गॅरेजात उभं राहिल्यासारखं वाटलं. दोनदा वाचलं, मग वर्तमानपत्राच्या समासात इंजिन काढून बघितलं. सुनेने तो कागद रद्दीत टाकायच्या आधी उत्तर लिहितो.

आधी तो गोळा. गाडीच्या इंजिनावर दुसरं एखादं यंत्र चालवायचं असलं, म्हणजे पंप वगैरे, तर त्याची ताकद गिअरबॉक्समधून काढून घेतात. ती ही जागा. यंत्र गेलं, भोक राहिलं, भोकाला झाकण लावलं. निरुपद्रवी आहे, राहू दे. फक्त झाकणाच्या कडेने तेल झिरपत नाही ना, एवढं बघत जा. यावरून असं दिसतं की ही गाडी आधी पाण्याच्या टाक्या भरत असणार. बांधकामावर किंवा बागेत. चांगल्या घरची आहे म्हणायची.

पान संपलं. जावयाचं पुढच्या पानावर सांगतो.

जावई काढून टाक. अजिबात विचार करू नकोस. काम शून्य, नुसता बसून आहे, आणि ऐन चढावर, जिथे सगळ्यांचा कस लागतो, तिथे हाच अंग टाकतो. असल्याला ठेवून करायचंय काय? तुझं पत्र वाचताक्षणी मी ओळखलं, हा कोणीतरी तुझ्या गळ्यात मारलाय. असे मी आयुष्यात पुष्कळ बघितले. चोरापासून रक्षण होईल म्हणून म्हणे लोक बसवून घेतात, पण चोर येतो तेव्हा हे झोपलेले असतात. त्याला सुधारायच्या भानगडीत पडू नकोस, स्प्रिंगच ढिली आहे. एकदा बाहेर काढलास की बघ, तुझा श्वास कसा मोकळा होतो. कोणी विचारलं तर सांग, मामाने काढायला लावला. रिकाम्या जागेची सोय मिस्त्री करेल.

वेळ घालवू नकोस. त्या वळणाचं वाचून मला काही बरं वाटलेलं नाही.

तुझा,
मामा

*

१७ फेब्रुवारी

आदरणीय मामांना,

आपल्या भाचीच्या पतीचा नमस्कार. लग्नात आपली ओझरती भेट झाली होती, त्यानंतर पत्र लिहिण्याचा योग हा पहिलाच. तो असा यावा हे माझं दुर्दैव.

आपलं पत्र काल आलं. ती माझ्या बहिणीकडे आहे. तिने सांगितल्याप्रमाणे मी ते मिस्त्रींसमोर उघडून मोठ्याने वाचायला घेतलं. पहिलं पान व्यवस्थित पार पडलं. दुसऱ्या पानाची पहिली ओळ नजरेला पडली आणि मी ठसका लागल्याचं निमित्त करून थांबलो. उरलेलं मी घरी येऊन दार लावून वाचलं. मिस्त्रींना सांगितलं की पुढे घरगुती मजकूर आहे. तेव्हापासून पत्र माझ्या शर्टाच्या खिशात आहे आणि अन्न गोड लागत नाही.

मामा, आपण वडीलधारे आहात. मला उलट बोलायचं नाही. पण मी बसून आहे हे आपल्याला कोणी सांगितलं? तिने सांगितलं असेल तर प्रश्नच मिटला. तिने नसेल सांगितलं, तर माझी बाजू ऐकून घ्यावी ही विनंती.

मी पहाटे उठतो. गाडीला पाणी, हवा मी स्वतः बघतो. इंजिनात तेल मी स्वतः ओततो, रोज ओततो, कारण गाडी रोज तेल पिते. मिस्त्री म्हणाले की जुनी गाडी आहे, थोडं पिणारच. मी एक दिवस चुकवलेला नाही. धूर मारण्याच्या नळीच्या टोकाला जाड ड्रमसारखं काहीतरी आहे, त्यात चाळणी निघाली. ती काजळीने बुजली होती. मी ती रॉकेलमध्ये घासून परत बसवली. हे काम करायला मला कोणी सांगितलं नव्हतं.

चढावर मी अंग टाकतो हे वाचून फार लागलं. गाडी बंद पडते ते खरं, पण तेव्हा ब्रेकवरून माझा पाय हललेला नाही. सगळ्यांना खाली उतरवून मी शेवटी उतरतो. उकाडा इतका असतो की चढावर घामाने डोळे झाकतात. माझ्या गुडघ्यापाशी दोन मुठी आहेत, इंजिन बंद करायची काळी आणि तिच्या खाली एक लाल. लाल मुठीचं काही काम नाही, म्हणून तिला मी टॉवेल अडकवून ठेवलाय. तो हिसकून तोंड पुसतो आणि पुन्हा स्टिअरिंग धरतो. नेमकी त्याच वेळी गाडी बंद पडते, त्याला मी काय करू? एक क्षण तोंड पुसलं म्हणजे अंग टाकलं असं होत नाही.

गाडीच्या दारावर राखाडी रंगाखाली 'धूम्रपान' अशी पुसट अक्षरं दिसतात. त्यावरून आपल्यापर्यंत माझ्याबद्दल काही पोचलं असेल तर ती अक्षरं आधीच्या मालकाची आहेत. मी विडीला हात लावत नाही.

उलट माझ्या हाताखाली गाडी किती खुशीत आहे ते मिस्त्रींना विचारा. आता तर काळी मूठ ओढल्यावरही इंजिन लगेच थांबत नाही, थोडा वेळ आपल्या मनाने चालतच राहतं, आधीपेक्षा जोरात. घसा जोडतो त्या ठिकाणी तेलाने छान ओलसर असतं, म्हणजे वंगण कमी नाही. टर्बोची शिट्टीही हल्ली लांबून ऐकू येते. मी बसून खाणारा असतो तर गाडी अशी राहिली असती का?

माझ्या जागेची सोय मिस्त्री करतील हे वाक्य मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही. ते भले गृहस्थ आहेत, त्यांना बायको-मुलं आहेत.

ती तीन-चार दिवसांत परत येईल. मी तिला काही बोललेलो नाही. तिच्याही मनात असंच आहे का, एवढंच मला कळवा. तसं असेल तर मी आडकाठी करणार नाही. पण तिला विचारायचा धीर मला होत नाही, म्हणून आपल्याला विचारतो.

आपला,
(अजून तरी) भाचेजावई

*

२० फेब्रुवारी
तार

जावई काढू नका. गाडी अजिबात सुरू करू नका. इंजिन सुटलं तर काळी मूठ सोडा लाल मूठ ओढा. पत्र येत आहे. मामा

*

२० फेब्रुवारी

जावईबापू,

आत्ता तार करून आलो. तुमच्या वाण्याच्या दुकानात फोन लावायला मुलाला बसवलं होतं, लागला नाही, म्हणून तसाच पोस्टात गेलो. आता हे पत्र तुमच्या हाती पडेपर्यंत माझा जीव टांगणीला आहे.

आधी तुमचं. बापू, मी तुम्हाला काढायला सांगितलं नाही हो. ठमीने तुम्हाला आमच्या गॅरेजातले शब्द शिकवले नाहीत, तिचे कान मी नंतर उपटतो. आमच्याकडे येणाऱ्या कोणालाच इंजिनाच्या भागांची कंपनीची नावं धड घेता यायची नाहीत, म्हणून आम्ही घरातली नावं ठेवली. डिझेल सोडणारा पंप म्हणजे सासूबाई, सगळं तिच्या तालावर चालतं. टर्बो म्हणजे आत्याबाई. आणि मागाहून कोणीतरी बसवलेला प्रत्येक भाग म्हणजे जावई. मी त्या डब्याबद्दल लिहिलं होतं. तुमचं पत्र वाचून मी कपाळावर हात मारून घेतला. सूनबाईला वाचून दाखवलं, तर ती 'सोय मिस्त्री करेल' पाशी खुर्चीवरून घसरायची राहिली. पण शेवटच्या पानावर आलो आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

तुम्ही तुमची बाजू मांडायला जे जे लिहिलंत, ते मला पहिल्या पत्रात कळायला हवं होतं. दारावर धूम्रपान लिहिलंय, म्हणजे पुढे 'करू नये' असणार. धुराच्या नळीला चाळणी आहे, ती ठिणगी बाहेर पडू नये म्हणून. ही गाडी पाणी भरत नव्हती. ही पेट्रोलच्या साठ्यावर पंप चालवत होती. अशा ठिकाणी हवेतच पेट्रोलची वाफ असते. डिझेल इंजिनाने ती वाफ ओढली की तुम्ही डिझेल बंद केलं तरी ते थांबत नाही, वाफेवरच चालतं, चढत जातं, आणि शेवटी फुटतं. आम्ही त्याला इंजिन सुटलं म्हणतो. ते थांबवायचा एकच उपाय, हवा तोडायची. तुमच्या घशावरचा डबा त्यासाठी आहे. लाल मूठ ओढली की आतलं झाकण पडतं आणि घसा बंद. तुमचा टॉवेल त्या मुठीला. तुम्ही तोंड पुसायला टॉवेल हिसकलात की इंजिनाचा गळा तुम्हीच दाबत होतात.

एवढंच असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण गाडी रोज तेल पिते, घसा तेलाने ओला आहे, शिट्टी वाढली आहे आणि काळी मूठ ओढल्यावर ती थांबत नाही, हे खुशीचं लक्षण नाही, बापू. आत्याबाईंचं आतलं सील गेलंय. त्या इंजिनाचं तेल इंजिनालाच पाजतायत. थोडं पाजतायत तोवर ते थोडा वेळ चालतं. एक दिवस जास्त पाजलं की पेट्रोलची वाफ लागणार नाही, ते आपल्याच तेलावर सुटेल. आणि अशा गाडीतली एकुलती एक वाचवणारी वस्तू मी, शहाण्याने, काढून टाका म्हणून लिहिलं. पंपाची जागा बघितली आणि पाणी ठरवून मोकळा झालो. चूक माझी आहे.

गाडी उभी ठेवा. मिस्त्रीला टर्बोची नळी सोडून बघायला सांगा. टर्बोच्या आतला दांडा हाताने हलवला आणि तो डुगडुगला की समजा सील गेलं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ठमीच देईल, ते माझं काम नाही. पण तिच्या पत्रातलं एक वाक्य सांगतो. तुम्ही संध्याकाळी परत येईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नाही.

तुमचा,
मामा

*

२२ फेब्रुवारी

मामा,

माझी तार तुला मिळाली असेल. सगळे सुखरूप आहेत, हे पुन्हा लिहिते म्हणजे पुढचं वाचताना तू धाप टाकणार नाहीस.

मी काल सकाळी नणंदेकडून परतले. मुलगी झाली, दोघी छान आहेत. बॅग ठेवते न ठेवते तोच तारवाला दारात. अंगणात पाईप मोजत आमची माणसं उभी होती, शेजारीण भिंतीवरून वाकून बघत होती, आणि त्या भल्या माणसाने, मला कष्ट नकोत म्हणून, खणखणीत आवाजात वाचलं, 'जावई काढू नका.' सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला आधी हसू फुटलं, मग पुढचं वाचलं आणि हसू जिरलं. नवरा कुठे म्हणून विचारलं, तर गाडी घेऊन टेकडीच्या पायथ्याला गेला होता, शाळेच्या इमारतीवर रंगकाम चाललंय तिथे. तिथून पाईप भरून वर जायचं होतं.

मी शेजारणीच्या मुलीची सायकल घेतली. तार तोंडात धरली होती, का ते विचारू नकोस.

शाळा दिसायला लागली तेव्हा गाडी भिंतीला लागून उभी होती, इंजिन चालू, आणि परांचीवर दोन रंगारी. मी हात करतेय तोवर आवाज बदलला. मामा, तुझ्या गॅरेजात माझं लहानपण गेलं, पण असा आवाज मी ऐकला नव्हता. आधी नुसता चढला, वाटलं नवऱ्याने पाय दिला. मग चढतच गेला. मागून पांढरा-निळा धूर असा आला की अर्धी शाळा दिसेना. गाडी जागच्या जागी थरथरायला लागली, परांचीचे पाईप खणखण वाजायला लागले. कामगार सैरावैरा पळाले. नवरा पळाला नाही. तो दारातून अर्धा बाहेर लोंबकळून वरच्या रंगाऱ्यांना खाली उतरा म्हणून ओरडत होता आणि एका हाताने काळी मूठ ओढत होता. मूठ तुटून त्याच्या हातात आली तरी इंजिन वाढतच होतं.

मी ओरडले, लाल मूठ, लाल मूठ. त्या आवाजात मला माझंच ऐकू आलं नाही. त्याने मला बघितलं आणि हाताने लांब जा, लांब जा अशी खूण केली. मी लांब गेले नाही. पायरीवर चढले, त्याच्या मांडीवरून आत वाकले, आणि मूठ काही दिसेना, नुसता टॉवेल दिसला. तो दोन्ही हातांनी ओढला.

खट असा आवाज झाला. इंजिनाने एक उचकी दिली आणि सगळं थांबलं. इतकं थांबलं की शाळेत कोणाच्या तरी हातून खडू पडला, त्याचा आवाज आला. वरचे रंगारी पाईपला मिठी मारून होते. नवऱ्याने तुटलेली मूठ हातात धरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तू कधी आलीस?"

मी त्या पायरीवरच बसले. तो खाली उतरला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. मग शर्टाच्या खिशातून तुझं पत्र काढून म्हणाला, मामांचं म्हणणं आहे की मला काढून टाकावं, तुझं काय म्हणणं आहे? मामा, माणूस मरता मरता वाचला होता आणि त्याला हे विचारायचं होतं. मी पत्र वाचलं. मला जे हसू सुटलं ते रडण्यात कधी गेलं ते कळलंच नाही. लोकांना वाटलं मला धक्का बसलाय, कोणीतरी पाणी आणलं. पाणी पिऊन मी त्याला डब्याकडे नेलं आणि बोट दाखवून सांगितलं, हा जावई, तू नाहीस. तो डब्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, म्हणजे मी बसून खातो असं कोणी म्हटलेलं नाही? मी म्हटलं, कोणीही नाही. तेव्हा कुठे त्याचा चेहरा सैल पडला.

मिस्त्रीने दुपारी घसा सोडला. आतून तेल असं बदाबदा आलं की त्याने बादली लावली. टर्बोचा दांडा बोटाने डुगडुगत होता, तुझ्या आज आलेल्या पत्रात लिहिलंस अगदी तसा. मिस्त्री म्हणतो, अजून काही क्षण गेले असते तर इंजिनाचे तुकडे भिंतीतून आरपार गेले असते, वर माणसं होती, शेजारी वर्ग भरला होता. तो हे सांगताना दोनदा खाली बसला.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. तुझं ते पहिलं पत्र मी उघडलं असतं तर त्याच संध्याकाळी डबा काढला असता. मला तुझा शब्द कळतो ना, म्हणून. नवऱ्याला कळला नाही, रागावला, पत्र खिशात ठेवून फिरला, म्हणून डबा जागेवर राहिला. त्याच्या रुसण्याला मी आजवर इतकी नावं ठेवली. आता एक वर्षभर तरी ठेवणार नाही.

गाडी आता आठ-पंधरा दिवस उभी राहणार. आत्याबाई दुरुस्तीला गेल्यात. नवरा अंगणात बसून नवीन काळी मूठ बसवतोय आणि शीळ घालतोय. रात्री जेवताना मी पोटभर जेवले, त्याने बघितलं आणि अजून थोडं वाढलं.

तुझी,
ठमी

*

२८ फेब्रुवारी

ठमे, आणि बापू, दोघांनाही,

अनेक आशीर्वाद. दोघांना एकच पत्र लिहितो आणि दोघांनी एकत्र बसून वाचायचं, मोठ्याने, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. ठसका लागला तरी थांबायचं नाही.

आधी कामाचं. दुरुस्त झालेला टर्बो परत बसवताना घशातलं सगळं तेल पुसून काढा, हवा गार करायच्या टाकीतही साचलेलं असेल, नाहीतर पहिल्यांदा सुरू करताच पुन्हा सुटेल. डब्याच्या झाकणाची कड तपासा. एकदा असं जोरात बंद झालं की रबर फाटतं. टॉवेलला दाराच्या आत दुसरी खुंटी ठोका. ठमे, हे तू कर, बापू टॉवेल जिथे अडकवतील तिथेच मूठ असेल.

बापू, तुम्ही पळाला नाहीत हे मी सूनबाईला वाचून दाखवलं. मला राग आला, खरं सांगतो. गाडी गेली खड्ड्यात, पळायचं होतं. मग दोन माणसं वर होती ते आठवलं आणि राग गेला. पळाला असतात तर ते दोघे वरच अडकले असते. मुलाला तुमच्याबद्दल सांगताना माझा आवाज इतका चढला म्हणे की खालच्या मजल्यावरचे वर आले. मला ते कसं कळणार?

तुमची दोघांची तार आली त्या दिवसाचं सांगतो. तार केल्यापासून मी घरात बसलो नव्हतो. सकाळी उठून खाली फाटकापाशी जायचो आणि पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावायचो. जेवायला बोलवायला सून खाली यायची, मी भूक नाही म्हणायचो, ते खोटं तिला पटायचं नाही, पण ती वाद घालायची नाही. एकसारखं डोळ्यासमोर एकच. मी लिहिलं होतं काढून टाक. माझी भाची माझं ऐकते. लहानपणापासून ऐकते. तिने ऐकलं असेल तर डबा निघाला असेल, आणि तार पोचेपर्यंत गाडी चढाला लागली असेल. एरवी मी म्हणायचो, ठमीने आपलं ऐकावं. त्या दिवसांत मी मनात म्हणत होतो, पोरी, एकदा तरी ऐकू नकोस.

मग पोस्टमन आला. सायकल लावून, टोपी सारखी करून, त्याने कागद माझ्या हातात दिला. चष्मा वर घरात राहिला होता. अक्षरं दिसेनात. मी कागद त्याच्याकडे परत केला आणि म्हटलं, तू वाच. तो वाचायला लागला, पण मला ऐकू येईना. त्याचे ओठ हलताना दिसले. मी म्हटलं, जोरात. तो माझ्या कानाशी वाकून ओरडला, "माणूस घरी आहे. गाडी उभी."

मी तिथे फाटकाच्या ओट्यावर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. इतकी वर्षं ह्या गल्लीत कोणी मला रडताना बघितलं नव्हतं. पोस्टमन बिचारा घाबरला. त्याने डोक्यावरची टोपी काढली, माझ्या शेजारी बसला आणि पाठीवरून हात फिरवत विचारायला लागला, कोण गेलं काका, कोण गेलं.

मला त्याचं ऐकू आलं नाही, पण टोपी हातात बघून कळलं. मी त्याची टोपी त्याच्या डोक्यावर परत ठेवली आणि सांगितलं, कोणी गेलं नाही रे बाबा, आमचा जावई घरी आलाय.

तुमचा,
मामा